चौघांचं ताट

प्रेमिला वडिलांना घेऊन सदर भागातल्या एका छोट्या हॉटेलात आली ती नोकरीसाठी. हॉटेलवाल्या कुसुमताई बरीच वर्षं इथिओपियात शिकवून परतल्या होत्या आणि रविवारी तिकडचं जेवण रांधत. आज तिथल्या शिक्षण खात्याचे बेकेले साहेब आले होते. मुलगी पसंत पडली तर तिकडच्या शाळेत गणित शिकवायला नेणार होते. वडिलांनाही आणा, असा त्यांचाच निरोप होता.

वाडीच्या गोदामातून निवृत्त झालेल्या चंपतरावांना तिने वाटेत एकच बजावलं होतं, "बाबूजी, ताटात काही टाकू नका. त्यांना वाईट वाटेल."

कुसुमताईंनी टेबलावर परातीएवढं ताट आणून ठेवलं आणि त्या पुन्हा आत गेल्या. ताटभर एकच जाळीदार धिरडं, त्यावर डाळीचे, कोबीचे, बटाट्याचे ढीग. पाहुण्याला आधी वाढतात, हे चंपतरावांना ठाऊक होतं. त्यांनी ताट पुढ्यात ओढलं, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि सुरुवात केली. पाण्याचा ओघळ साहेबांच्या मांडीवर उतरला.

साहेबांनी हसून ताटाकडे हात नेला. चंपतरावांनी तो मायेने बाजूला सारला.

"थांबा जी, हे माह्यं उष्टं झालं. तुमचं येऊन राहिलं."

प्रेमिलाने तत्परतेने इंग्रजीत सांगितलं, "तुमचं ताट येतंय." साहेबांनी हात मांडीवर ठेवला आणि ते बघत बसले.

कुसुमताई बाहेर आल्या तेव्हा चंपतराव शेवटच्या तुकड्याने ताट पुसत होते.

"अवं प्रेमिला, हे चौघांचं होतं! तिकडं एकाच ताटात जेवतात. मी सांगायचंच विसरली!"

चंपतरावांचा घास हातातच राहिला. प्रेमिलाला मान वर करवेना. साहेब काहीतरी बोलले आणि कुसुमताई खळखळून हसल्या.

"साहेब म्हणतात, बापाले आमचं जेवण इतकं गोड लागते, तं पोरगी तिकडं रमनच. जूनमध्ये पाठवा."

बाहेर सायकलरिक्षात बसल्यावर प्रेमिलाचा तोंडाचा पट्टा सुटला. "अर्ध्यावर तरी थांबायचं बाबूजी! यांना घरी जेवायला मिळत नाही, असं वाटलं असेल त्यांना."

चंपतराव रस्त्याकडे पाहत राहिले. "आंबटढाण होतं वं. मले वाटलं, आंबून गेलं. दोनदा वर आलं. पण टाकलं असतं तं तुही नोकरी गेली असती." मग हळूच म्हणाले, "तुही माय असती तं तिनं डोळ्यानं खुणावलं असतं."



तेवढ्यात कुसुमताई धावत आल्या. "काकाजी, साहेबांनी डबा पाठवला! तुम्हाले आवडलं म्हणून."

चंपतरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "लई आवडलं, सांगा साहेबाले."

रिक्षा निघाली. ते डब्याकडे असे पाहत होते, जणू घरी गेल्याबरोबर तो संपवावाच लागणार. प्रेमिलाने त्यांच्या हातून डबा काढून घेतला, झाकण उघडलं आणि मोठा घास तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं. जूनपासून रोज हेच.

"कसं लागून राहिलं वं?" चंपतरावांनी काळजीने विचारलं.

"छान," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला.