निदान निदान तरी

जनूभाऊंना सांगितलेलं कुठलंही वाक्य आपल्याला दोनदा ऐकावं लागतं. आपण म्हणावं, "आज फार उकडतंय." जनूभाऊ मान डावीकडे वळवणार आणि बायकोला सांगणार, "मास्तर बोलतात, आज फार उकडतंय. व्हय का नाय गो?" हिरावहिनी मान डोलावणार. मग जनूभाऊ मान पुन्हा आपल्याकडे आणून म्हणणार, "हाय खरं." वहिनी हातभर अंतरावरच बसलेल्या असतात.

पेणला त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा वाटलं, माणूस बायकोच्या मुठीत आहे. पुढे वाटलं, डोक्यानं थोडा सैल आहे. दोन्ही अंदाज पटेनात. मी जात्याच चौकस. दुसऱ्याच्या घरातलं कोडं सुटलं नाही तर मला जेवण गोड लागत नाही.

जनूभाऊ मूळचे खाडीकाठचे. तरुणपणी मिठागरात राबले, मग डोलवीकडे कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झाले. आता त्यांना एकच उद्योग उरला होता, तो म्हणजे मान. मान दुखायची, तिथून कळ निघायची आणि डोक्यात जाऊन बसायची. भेटेल त्याला ते ती दाखवत आणि वर म्हणत, "मास्तर, बरं नाय झालं तरी चालंल. पण निदान निदान तरी व्हायला पायजे!" यात काही विनोद आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी हसलो की तेच चिडायचे.

निदानं तशी भरपूर झाली होती. पेणच्या एका डॉक्टरांनी मणका सांगितला, दुसऱ्यांनी पित्त, तिसऱ्यांनी चष्मा बदलायला लावला. जोह्याला त्यांचा भाचा गणपती घडवतो. त्यानं दोन्ही हातांत मान धरून "मामा, जरा कललीय" म्हणत सरळ केली. त्यानंतर काही दिवस जनूभाऊ नुसते आढ्याकडे बघत होते. शेवटी कुणीतरी गळ्याला पट्टा दिला. पट्ट्यात मान वळेना, तेव्हा जनूभाऊ खुर्चीसकट वळू लागले. "मास्तर बोलतात..." म्हणत खुर्ची करकरत डावीकडे, मग करकरत उजवीकडे. संध्याकाळपर्यंत पट्टा खुंटीवर.

हिरावहिनींबद्दल सांगायचं राहिलं. त्या धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई, तिचा मान भटजीपेक्षा कमी नाही. आसपासच्या गावांत वहिनींची तारीख मिळाल्याशिवाय मांडव पडत नसे. सगळे धवले तोंडपाठ आणि आवाज असा की लाउडस्पीकरवाल्यानं घरी जावं. एरवी मात्र बाई गप्प. नुसत्या बघायच्या आणि हसायच्या.

तेवढ्यात रोह्याला हाडांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्याची बातमी आली. "तुम्हांला शिकलेलं बोलणं समजतं," म्हणून जनूभाऊंनी मलाही बरोबर घेतलं. आम्ही तिघं एसटीनं रोह्याला गेलो. डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून पट्टा पुन्हा चढवला होता, त्यामुळे जनूभाऊ वाटभर बाकावर वहिनींकडे आडवे वळूनच बसले होते. कंडक्टरनं दोनदा पाय आत घ्यायला सांगितलं. त्यांनी तेही वहिनींना कळवलं.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी मान चाचपली आणि विचारलं, "मान सारखी एकाच बाजूला वळवता का? तसं काही काम?"

"छे! आपली मान सरळ."

मी म्हणालो, "अहो, पण तुम्ही—" आणि जनूभाऊंची चप्पल माझ्या पायावर पडली. चुकून पडली नव्हती.

तेवढ्यात वहिनींच्या मागून नर्स म्हणाली, "आजी, जरा सरकता? कपाट उघडायचंय." वहिनी समोरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिल्या. नर्सनं आवाज चढवला. वहिनी चित्र बघून हसल्या. जनूभाऊ उठले, पट्ट्यासकट त्यांच्यासमोर गेले आणि ओठ ठसठशीत हलवत म्हणाले, "बाय बोलते, जरा सरक गो." वहिनी लगेच सरकल्या.

मला एकदम लख्ख कळलं. डॉक्टरीणबाईंनाही कळलं असावं. त्या म्हणाल्या, "आजींना ऐकायला—"

"मला!" जनूभाऊ ओरडले. "मला आयकायला येत नाय, डॉक्टरीणबाई! समोर येऊन मोठ्यानं बोला."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग स्टूल ओढून त्या दोघांच्या समोर बसल्या आणि सावकाश, मोठ्यानं म्हणाल्या, "मान... कधीपासून... दुखते?"

जनूभाऊंनी कानामागे हात धरला. उत्तर वहिनींनी दिलं. "दोन पावसाळं झालं! आन् रात्री उशी दुमडून घेतात. मी बोलते ते आयकत नाय!" पुढची सगळी हकिगत त्यांनीच सांगितली. इतकं बोलताना मी त्यांना मांडवाबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

मानेचे एका बाजूचे स्नायू आखडले होते, डोकेदुखीही त्यातलीच. बाईंनी गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला आणि सांगितलं, ज्याच्याशी बोलायचं त्याला समोर बसवा.

बाहेर वहिनी औषधाच्या दुकानात गेल्या तेव्हा मी विचारलं, "वहिनींचं डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"तिनं मला बी अजून सांगलं नाय," जनूभाऊ म्हणाले. "धवलारणीला आयकायला येत नाय असं कळलं तर लग्नाला कोण बोलवंल? ती लपवते. मग मी बी ठाऊक नाय असाच ऱ्हातो."

"आणि मान?"

"दुखंल की. समोर बस बोललो तर इचारंल, मुळात मला सारखं वळून सांगता कशाला? मग काय सांगू?"

इतकी वर्षं मी या माणसाला खुळा समजत होतो.

थोड्या दिवसांनी अंगणात वहिनींनी मला हाक मारून जवळ बोलावलं. मागे ओट्यावर जनूभाऊ बसले होते. गळ्यात पट्टा नव्हता. त्यांच्या खुर्चीसमोर, अगदी तोंडासमोर, वहिनींचा पाट मांडलेला होता.

"मास्तर, कुणाला सांगू नका हां," वहिनी म्हणाल्या. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं. "यांचं कान गेलं. बाजूनं बोललेलं समजत नाय त्यांना. म्हणून मी आता समोरच बसते. कारण बोलले नाय मी. पुरुषमाणूस, मनाला लावून घेतील."

ओट्यावर जनूभाऊ एकाएकी धोतराच्या सुटलेल्या दोऱ्यात फार गुंतले होते.

मी एक पाऊल पुढे झालो, वहिनींच्या नजरेसमोर आलो आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाही सांगणार, वहिनी!"