हरकत न आलेले शहर

शहर वसवायला आधी माणसे लागतात, हा अडाणी समज आहे. आधी लागतो तो खांब. गुन्हेगाराला टांगायची सोय झाली की शहर झाले. (विहिरी वगैरे मागाहून.)

कप्तान ओर्तुन्यो बेर्रुएता मोठा नेमाचा माणूस. शुक्रवारचा उपास त्याने कधी मोडला नाही. त्या दिवशी तो गावेसुद्धा जाळत नसे. स्पेनच्या राजासाठी अठ्ठावीस वर्षांत त्याने अकरा नद्या शोधल्या. (पैकी तीन पूर्वी त्यानेच शोधल्या होत्या.) आता त्याला सुभेदारी हवी होती, आणि त्यासाठी ऑगस्टातल्या संत बार्तोलोमेच्या सणाआधी एक शहर वसवायचे होते. सण उद्यावर आला. तेव्हा अँडीजच्या पायथ्याशी खेचरे जिथे बसली, तिथल्याच सपाट वाळूत त्याने खांब रोवला.

रिवाजाप्रमाणे तलवारीने गवत कापले (गवत नव्हते, खेचरांपुढचे उचलून आणले) आणि तो गरजला, "कुणाची हरकत असेल तर पुढे या!" असे तीनदा विचारायचे असते.

डोंगरावरून म्हातारी चुमाय उतरली. पाद्रीबाबांच्या चुलीपाशी राबून ती स्पॅनिश शिकली होती.

"माझी आहे, बाबा. ही नदी आहे."

"कोरडी आहे."

"झोपलीय. जानेवारीत उठेल."

कप्तान लेखनिकाकडे वळला. "लेस्कानो, बारावी नदी लिही."

"लिहिली, साहेब. आणि बाईंची हरकत?"

"ही हरकत की माहिती?"

लेस्कानोने मान खाजवली. "माहितीच वाटते, साहेब."

"अरे मेल्यांनो, वाहून जाल!" चुमाय ओरडली. "वर माझ्या मक्याच्या शेतापर्यंत पाणी येत नाही, तेवढंच काय ते कोरडं!"

"हीही माहिती," कप्तान म्हणाला. "उपयोगी आहे. जपून ठेव."

तीन हाका झाल्या. लेस्कानोने लिहिले: हरकत आली नाही.

जानेवारीत नदी उठली. अकरा घरे आणि देवळाची घंटा गेली. खांब तेवढा सापडला. बेर्रुएता तोवर सुभेदार झाला होता. जपून ठेवलेली माहिती काढून त्याने तो खांब चुमायच्या उभ्या मक्यात रोवला आणि पुन्हा गरजला.

"शेत माझं आहे!" चुमाय म्हणाली.

"लेस्कानो, मालकिणीची माहिती मिळाली."

हाका तिन्ही वेळा मोठ्याने दिल्या होत्या. वाचकांनाही ऐकू गेल्या असतील. त्यांच्याकडून हरकत आली नाही. मध्ये काहीजण हसले, ते संमतीत धरले आहे.