टांग्यातून वाचता येईल असं आमंत्रण

दामूअण्णा पेंटर माणसाशी बोलायच्या आधी रस्ता ओलांडून पलीकडे जात. तिथून डोळे किलकिले करून त्याला न्याहाळत, मग परत येऊन निकाल देत. मला म्हणाले होते, "तुझं नाक लांबून दिसत नाही. तू कोपऱ्यातला माणूस."

कल्याणातल्या टॉकीजची पोस्टरं तेच रंगवत. नियम ठरलेले. मोठा चेहरा एकच. खलनायक खाली, हिरवट. नायिकेची नजर सिनेमाच्या नावाकडे, "तीच वाचत नसेल तर लोक कशाला वाचतील?" आणि अक्षरं धावत्या टांग्यातून वाचता यायला हवीत. माझी लग्नपत्रिका पाहून म्हणाले, "गर्दी फार झालीय. सासऱ्यांना काढ."

आधी ते आमच्या चाळीत राहत. बायको गेल्यावर खोली सोडली आणि टॉकीजमागच्या रंगांच्या खोलीत राहायला गेले. सहा वर्षांत माझ्याशिवाय चाळीतलं कोणी तिकडे फिरकलं नाही. त्या श्रावणात अण्णांनी सत्यनारायण घालायचा ठरवला. घरोघर बोलावणं करायला घरात बाई नाही, आणि कुणाच्या दारात उभं राहून 'या' म्हणणं अण्णांना जमेना. मग त्यांनी पोस्टर रंगवलं. वर देवाचा भला मोठा चेहरा, खाली शिऱ्याचं पातेलं, देवाची नजर पातेल्यावर. निळ्यावर पिवळी अक्षरं: 'शुक्रवारी संध्याकाळी दामूकडे या.'

"चाळीच्या नळाशी चिकटव," त्यांनी मला बजावलं.

पण मी पडलो हुशार. नळाशी चाळच बघणार, टॉकीजच्या भिंतीवर अख्खं कल्याण बघेल. गुरुवारी तिन्हीसांजेला मी तिथे खळ फासली, पोस्टर चिकटवलं आणि स्वतःची पाठ थोपटत घरी आलो.

शुक्रवारी कचेरीतून उशिरा सुटलो. टॉकीजच्या भिंतीपाशी आलो आणि पाय थबकले. देवाच्या जागी मिशीवाला नायक. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि त्याचं पोस्टर याच भिंतीवर चढतं, हे मी जन्मभर बघत आलेलो.

खोलीत भाड्याने आणलेल्या दोन सतरंज्या रिकाम्या पडल्या होत्या. आरती अण्णा आणि भटजी दोघेच म्हणत होते. भटजी प्रसाद घेऊन गेले. पातेलं जवळजवळ भरलेलंच राहिलं.

"अण्णा, ते पोस्टर मी..."

"माझंच चुकलं रे," ते घाईने म्हणाले. "निळ्यावर हिरवी अक्षरं काढली. लांबून दिसणार कशी?"

अक्षरं पिवळी होती, मीच चिकटवली होती. रंगांच्या डब्यांमागे भिंतीवरून खरवडून आणलेला एक तुकडा वाळत घातला होता. देवाचा एक डोळा, आणि त्याच्यावर चिकटलेली नायकाची अर्धी मिशी.

अण्णांनी माझ्या हातावर शिरा ठेवला. मी दाराजवळच बसायला लागलो, तर ते म्हणाले, "तिथे नको. असा मधोमध बस. खोली जरा भरल्यासारखी दिसेल."