खुर्चीतला माणूस

सलूनवाल्या काकांचा धंदा कात्रीपेक्षा होकारावर जास्त चालायचा. खुर्चीतलं गिऱ्हाईक जे बोलेल त्याला मागे उभं राहून "अगदी बरोबर" म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्याच खुर्चीत एकदा समोरचा बेकरीवाला म्हणाला, "माझी काच वरच्या मजल्यावरच्या त्या कार्ट्यानंच फोडली, चेंडू मारून. तुम्ही तर पाहिलंच असेल!"

"अगदी बरोबर," म्हणत काकांनी वस्तरा फिरवला.

पुढे बेकरीवाल्याचा साक्षीदार म्हणून बालन्यायालयाचं समन्स हातात पडलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोर सुधारगृहात जाईल हो," बायको म्हणाली, "आणि तुम्ही बसा माना डोलवत!"

न्यायालय कसलं, साधी खोलीच होती. टेबलाशी न्यायाधीश बाई, भिंतीशी खाली मान घातलेला मुलगा आणि शेजारी त्याची आई. साक्षीदारासाठी खुर्ची होती. काका सवयीने तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"काच या मुलानं फोडली?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"अगदी बरोबर."

मुलाचा वकील उसळला. "तुम्ही त्याला काच फोडताना पाहिलेलंच नाही!"

"तेही बरोबर, साहेब."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलताय?"

"अगदी..." काकांना दरदरून घाम फुटला. मुलाची आई रडकुंडीला आली होती. तिच्याकडे बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण जीभ काही वळेना.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, खुर्ची बसायला दिलीय. बसा आधी."

काका बसले. पाठ टेकली, मान आपोआप मागे गेली, आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचं होतं तेच त्यांचं झालं. तोंडाचा पट्टा सुटला.

"काय सांगू बाई! हा बेकरीवाला पाटी पुसायला शिडी घेऊन निघाला, कुणीतरी हाक मारली म्हणून गर्रकन वळला आणि शिडीचं टोक खाडकन काचेत! बायको फाडून खाईल म्हणून नाव घेतलं पोराचं. पोर तर तेव्हा अडकलेला चेंडू काढायला माझ्या दुकानाच्या पत्र्यावर चढलेलं. मीच ओरडत होतो त्याला. आणि आमच्या गल्लीतलं ते गटार..."

"गटार राहू द्या," बाई हसू दाबत म्हणाल्या.

मुलगा सुटला. त्याच्या आईने काकांचे हात धरले तेव्हा काकांनाही भरून आलं.

गल्लीत दुसरं सलून नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बेकरीवाला धुसफुसत दाढीला आलाच. तोंडाला फेस लागताच म्हणाला, "काल धडधडीत खोटं बोललात तुम्ही!"

"अगदी बरोबर," काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. बाकावरची गिऱ्हाइकं पेपर खाली करून बघू लागली.

काकांनी वस्तरा मिटला. "मालक, जरा उठता?"

बेकरीवाला फेसाळल्या तोंडाने उठला. काका खुर्चीत ऐसपैस बसले आणि त्यांनी पाठ टेकली.

"हां. आता विचारा."