देतंय की घेतंय?

आमच्या शेजारच्या जोगळेकरअण्णांना चहा द्या, सरबत द्या, ते आधी भांड्याला बाहेरून हात लावणार आणि विचारणार, "देतंय की घेतंय?" मी पुण्याहून बेंगळुरूला, हेब्बाळच्या या इमारतीत राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या ओल्या तळव्यावर कपडे धुण्याची पावडर टाकली. तळवा कोमट झाला. "देतंय बघा," म्हणाले. मनात म्हटलं, झालं! शेजार मिळाला तोही असा.

अण्णा जन्मापासून बेंगळुरूचे, सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ. दोन पदार्थ एकत्र आले की उष्णता बाहेर देतात, नाहीतर आजूबाजूची ओढून घेतात, हे ते भाजीवाल्यालाही कन्नडमध्ये समजावतात. माणसांचीही तीच वाटणी. सोसायटीचे सेक्रेटरी घेणाऱ्यांत. याबाबतीत माझं अण्णांशी पूर्ण एकमत आहे.

पण हा निव्वळ छंद नाही, हे मला हळूहळू समजलं. अर्धांगवायूनंतर अक्कांच्या, म्हणजे अण्णांच्या पत्नीच्या, उजव्या हाताला गार-गरम कळेनासं झालंय. हात हलतो, पण जाणीव नाही. निरनिराळे स्पर्श देत राहा, कदाचित परत येईल, असं फिजिओथेरपिस्टनं सांगितलंय. शेकायची पिशवी अण्णांना साफ नामंजूर. न कळणाऱ्या हाताला चटका बसला तर? म्हणून हे बेताबेताने तापणारे, निवणारे पदार्थ छोट्या पिशव्यांत भरून अक्कांच्या तळव्यावर ठेवायचे. अक्का डोळे मिटून बसतात आणि नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी ठोकून देतात. अण्णांना ते बरोबर कळतं. "सरी, बरं, उद्या बघू," म्हणतात आणि पिशवी उचलतात.

मध्यंतरी मी जिन्यात घसरले आणि मनगट मोडलं. अण्णाच मला दवाखान्यात घेऊन गेले. प्लास्टर घालताना मी कळवळतेय, आणि हा माणूस प्लास्टरवर हात ठेवून हरखलेला! प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे ते डॉक्टरांनाच सांगत होते. असा संताप आला मला! निघताना त्यांनी उरलेली पट्टी मागून घेतली. अक्कांसाठी. आता यांच्यावर रागावणार तरी काय, कपाळ!

परवा संध्याकाळी त्यांचा डबा परत द्यायला गेले. अण्णा लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा घालत होते. दुपारपासून हेच चाललं होतं म्हणे. मनासारखं गार होईना की ओतून टाकायचं आणि पुन्हा करायचं. एवढं फसफसतंय म्हणजे तापलंच असणार, असं मला वाटलं. बोट बुडवलं, तर गार! "फसलात ना? आवाज मोठा, पण घेणारं," अण्णा खूश होऊन म्हणाले.

ते पिशवीत भरून पिशवी अक्कांच्या तळव्यावर ठेवली. काय वाटतंय, अण्णांनी विचारलं.

"काही नाही हो," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी अंदाजसुद्धा ठोकला नाही. मला अण्णांच्या तोंडाकडे बघवेना.

अण्णा पिशवी उचलायला वाकले. अक्कांनी मिटल्या डोळ्यांनीच त्यांची ओली बोटं धरली.

"अहो, किती गार पडलेत तुमचे हात! स्वल्प पुसा तरी."

धरली होती ती उजव्या हातानं. अक्कांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. एरवी प्रत्येक कोमट-गार गोष्टीचं कारण सांगणारे अण्णा तसेच, हात न काढता, खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "सोडू नकोस."