दिवाळसणाची टाकी

जयवंत धुरीच्या मोटरसायकलला आरसा एकच होता आणि हॉर्नचा घसा बसलेला होता, पण टाकीवरचा मजकूर मात्र दोन्ही बाजूंनी संपूर्ण होता. 'चि. जयवंत यांस दिवाळसणाची सप्रेम भेट. राजाराम पेडणेकर, घाटकोपर.' लाल टाकी, त्यावर पिवळ्या रेडियमची अक्षरं. रात्री मागून ट्रकचा उजेड पडला की सासरे दिव्यासारखे उजळत.

यात राजारामपंतांचा तसा दोष नव्हता. घाटकोपरला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि तीस वर्षांत त्या दुकानातून साधा चमचासुद्धा नाव घातल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. "नाव नसलेला भांडा दुसऱ्याच्या घरात म्हातारा होता," हे त्यांचं मालवणी तत्त्वज्ञान. गाडी घेतली त्या दिवशी ते दुकानातलं नाव घालायचं मशीन घेऊनच शोरूममध्ये गेले होते. टाकीवर सुई टेकली तेव्हा आतून मॅनेजर ओरडत धावत आला, म्हणून प्रकरण रेडियमवर निभावलं. मग मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. चष्मा नाकावर ओढून, जिभेचं टोक दातात धरून, त्यांनी एकेक अक्षर स्वतः चिकटवलं. 'सप्रेम'ला तर त्यांनी अर्धा तास घेतला.

दीड वर्ष जयवंतने सोसलं. अंधेरीच्या ज्या औद्योगिक वसाहतीत तो पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता, तिथे त्याला धुरी म्हणणारं फारसं कुणी उरलं नव्हतं; जो तो 'चिरंजीव' म्हणायचा. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला मान वाकडी करून मोठ्याने वाचायचा, आणि आतली सवारी पलीकडच्या बाजूला काय लिहिलंय ते विचारायची.

"एवढं काय वाईट वाटून घेतोस?" पेंट खात्यातला सहदेव गायकवाड डबा खाताना म्हणायचा. "निदान चिरंजीव म्हणतायत. आमचे सासरे मला 'ते गायकवाड' म्हणतात."

एप्रिलमध्ये मात्र हद्द झाली. नवे साहेब कारखान्यात आले, गाडीकडे बघत उभे राहिले आणि जयवंतशी हात मिळवत म्हणाले, "या, या, मिस्टर पेडणेकर!"

त्या रविवारी जयवंतने बादली, गरम पाणी आणि जुना बनियन घेतला आणि तो अंगणात उतरला. अंगण म्हणजे चारकोपच्या सेक्टरमधल्या त्याच्या घरापुढची चार हात जागा. आजूबाजूला सगळीकडे घरांची बांधकामं चाललेली.

"बाबांना कळलं तर?" दारात उभी राहून प्रेमाने विचारलं.

"कसं कळेल? उन्हाने गेलं म्हणू."

"उन्हाने फक्त नावच गेलं?"

"प्रेमा, तू आत जा."

"जाते. पण मी काही बघितलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा. हाताने लावलीत हो त्यांनी ती अक्षरं."

हे शेवटचं वाक्य जयवंतला टोचलं, पण पाणी निवत होतं. नखांनी खरवडून तीन तासांत त्याने शेवटचा 'र' उपटला. भर दुपारच्या उन्हात टाकीवर आता एक अक्षर दिसत नव्हतं. होता फक्त गम. बोट लावलं की चिकटायचा आणि पुसला की फडक्याचे तंतू धरून बसायचा. पण दिसत नव्हता. न दिसणाऱ्या गोष्टीशी माणसाने भांडू नये, असं म्हणून जयवंत जेवायला बसला.

सोमवारी सकाळी तो बाहेर आला आणि पायरीवरच थांबला. रात्रभर सेक्टरभरचं सिमेंट, वाळू, विटांची भुकटी वाऱ्यावर उडून त्या गमावर बसली होती. 'चि. जयवंत यांस' आता काळ्याकरड्या, ठसठशीत अक्षरांत उमटलं होतं. पिवळी अक्षरं निदान लांबून पुसट वाटत. ही रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होती.

"अरे वा," सहदेव म्हणाला. "ठळक करून घेतलंस?"

"गायकवाड, मस्करी नको. उपाय सांग."

"रॉकेल."

रॉकेल झालं. गम थोडा सैल झाला, पण जागा सोडायला तयार होईना. मग शेजारच्या शेवंतीकाकूंच्या सांगण्यावरून खोबरेल तेल झालं. त्याने गम मऊ आणि टाकी सुगंधी झाली, आणि धूळ आणखी जोमाने बसायला लागली. नेलपॉलिश काढायची प्रेमाची बाटली 'यांस'वरच संपली. शेवटी सहदेवने खात्यातून बाटलीभर थिनर आणून दिलं.

"ऐक. फडक्यावर दोन थेंब. एकदा फिरवायचं, लगेच पाण्याने पुसायचं. देवाला गंध लावतात तसं. भांडी घासतात तसं नाही."

जयवंतने अगदी गंध लावल्यासारखं केलं. आणि काय सांगावं, गम गेला! टाकी गुळगुळीत झाली. डोळे मिटून हात फिरवला तर काही लागत नव्हतं. त्याने डोळे उघडले.

मजकूर तिथेच होता.

दीड वर्ष ती गाडी वसाहतीच्या उघड्या आवारात उन्हात उभी होती. लाल रंग विटून विटकरी झाला होता. फक्त अक्षरांच्या खालचा रंग, सासऱ्यांच्या सावलीत असल्यामुळे, पहिल्या दिवसासारखा लालबुंद राहिला होता. सकाळच्या तिरप्या उन्हात 'राजाराम पेडणेकर, घाटकोपर' अंगात मुरलेल्या देवीच्या व्रणासारखं वर आलं होतं.

"आता हे काढायचं तर टाकीच रंगवावी लागेल," सहदेवने निदान केलं. "नाहीतर झाकून टाक."

झाकायचं काम अंधेरी स्टेशनबाहेर लवू करायचा. रेक्झिनची सीटकव्हरं आणि टाकीकव्हरं त्याच्या टपरीला बोकडासारखी टांगलेली असत.

"काळं घेऊन जा शेठ. आतून स्पंज, खाली पट्टे. झकास. या वसाहतीतल्या निम्म्या गाड्यांना माझंच आहे."

"बसेल ना नीट?"

"बसेल म्हणजे? काढायला गेलात तर रडाल!"

रडायची पाळी घालतानाच आली. पुढचं टोक बसलं की मागचं निसटायचं, मागचं ओढलं की पेट्रोलच्या झाकणाचं भोक भलतीकडे जाऊन थांबायचं. तासाभराने जयवंत गाडीवर पालथा पडून दोन्ही हातांनी टाकीला मिठी मारून होता आणि खालचा पट्टा दातात होता. प्रेमा भाजी निवडता निवडता बघत होती. ती उठली, हात पुसले, कव्हर उलटं केलं, दोन कोपरे आतून धरले आणि उशीला अभ्रा चढवतात तसं एका झटक्यात चढवलं.

"तुझे वडील येतील तेव्हा काय सांगायचं?" जयवंतने घाम पुसत विचारलं.

"मी काही बघितलेलंच नाही," प्रेमा म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

पुढचे बारा दिवस जयवंतच्या आयुष्यात सुखाचे गेले. सिग्नलला रिक्षावाले समोर बघू लागले. साहेबांनी त्याला एकदा 'धुरी' अशी हाकही मारली.

तेराव्या दिवशी, शुक्रवारी रात्री, शेवंतीकाकूंनी खिडकीतून निरोप दिला. त्यांच्याकडे फोन होता आणि फोनवरचं सगळं त्या आवाजासकट सांगत. "पेडणेकरांचा फोन होता गो प्रेमा! रविवारी दहा वाजता येतत. सोबत फोटोवालो घेऊन येतत. गाडीचो फोटो काढून दुकानात लावूचो हा म्हणे. 'नाव सगळा दिसाक व्हया' म्हणून दोनदा सांगितल्यानी!"

प्रेमाने खिडकी लावून घेतली.

"सांगून टाका," प्रेमा म्हणाली. "ओरडतील. मग चहा घेतील."

"ओरडले तर चालेल गं. ओरडायचे नाहीत ते. चष्मा काढून पुसत बसतील. ते मला बघवणार नाही."

रात्री पडल्यापडल्या त्याला 'सप्रेम'च्या 'प्रे'ची मात्रा सरळ करणारी ती जाड बोटं दिसत राहिली. सकाळी त्याने ठरवलं: आज शनिवार, अर्धा दिवस, सुटल्यावर थेट रेडियमवाल्याकडे. लालबुंद अक्षरांचा छाप आहेच, त्याच्यावरच नवी पिवळी अक्षरं बसवायची. तसूभर इकडेतिकडे होणार नाही.

दोन वाजता तो सहदेवला घेऊन आवारात आला. लाल गाडी, काळं कव्हर. किल्ली जरा अडखळली, मग फिरली. त्या काळात गाड्यांच्या किल्ल्यांचा स्वभाव फार मोकळा असे. कुणाच्याही घरात त्या रमत. रेडियमवाल्याच्या दुकानापुढे दोघांनी मिळून कव्हर सोललं.

टाकी कोरी होती. लालभडक, चकचकीत, कोरी.

"गेलं!" जयवंत किंचाळला. "गायकवाड, गेलं रे! स्पंजने ओढून घेतलं!"

सहदेवने टाकीकडे बघितलं, मग जयवंतकडे, मग खाली वाकून तो बराच वेळ पुढच्या पाटीकडे बघत राहिला.

"धुरी, तुझ्या गाडीचा नंबर काय?"

जयवंतही पाटीपुढे वाकला. दीड वर्षात त्याने तो नंबर कधी वाचलाच नव्हता. गरजच पडली नव्हती. शंभर गाड्यांत त्याची गाडी सासऱ्यांच्या नावाने हाक मारायची.

"आरसे मोज," सहदेव म्हणाला. "दोन आहेत."

जयवंतने हॉर्न दाबला. खणखणीत वाजला.

ते परत वसाहतीत गेले तेव्हा आवार रिकामं होतं. फाटकावरचे धोंडिराम तंबाखू मळत होते.

"इथे अशीच एक गाडी होती. लाल. काळं कव्हर."

"होती की. तुम्ही एक नेलीत. पाठोपाठ दुसरे एक साहेब आले, ते दुसरी घेऊन गेले."

"आणि तुम्ही जाऊ दिलीत?"

"आत आल्या तितक्या बाहेर गेल्या," धोंडिराम चिमूट तोंडात टाकत म्हणाले. "कमी-जास्त असेल तर मला बोला."

"चौकीवर जाऊ या का रे?" जयवंतने विचारलं.

"जाऊ की. पण कशावर बसून जायचं ते ठरव. माझी गाडी चोरीला गेली, हे सांगायला चोरीच्या गाडीवरून गेलास तर ते लोक हसतील आधी, मग मारतील."

शेवटी धोंडिरामांकडे पत्ता लिहून ठेवून, परक्याच्या गाडीवरून, दोन्ही आरशांत स्वतःचं पडलेलं तोंड बघत जयवंत चारकोपला आला. आता नाव तर नव्हतंच, पण नाव घालायला टाकीसुद्धा नव्हती. रविवारी पहाटेपासून तो आंघोळ करून खुर्चीत बसून होता. "बाबा, मी तुमचं मन मोडलंय," हे वाक्य त्याने चार वेळा म्हणून बघितलं. पाचव्या वेळी बाहेर घसा बसलेला हॉर्न वाजला.

तो आवाज त्याने हजारांत ओळखला असता. दारात त्याची गाडी उभी होती, बिनकव्हराची. चालवायला एक अनोळखी माणूस आणि त्याच्या मागे, मांडीवर पिशवी घेऊन, राजारामपंत पेडणेकर. पाठोपाठ रिक्षातून फोटोवाला उतरत होता.

"जावयबापू!" सासरे उतरायच्या आधीच ओरडले. "बघितलात? मी काय सांगी होतंय? नाव आसला काय भांडा घराक येता!"

अनोळखी माणसाने हात जोडले. "मी शिवदास. मुलुंडला राहतो. काल घाईत तुमची गाडी नेली हो. सकाळी आरसा एकच दिसला तेव्हा उजाडलं. कुणाची म्हणून कव्हर काढून बघतो तर उन्हात आख्खा पत्ता! घाटकोपरला नाव विचारत दुकान गाठलं, हे निघतच होते."

"माझीच चूक," जयवंत पुटपुटला. "आधी मी नेली." मग त्याने सासऱ्यांकडे बघितलं. वाक्य पाठ होतं. "बाबा, मी तुमचं..."

"माका सगळा कळला," राजारामपंतांनी हात वर केला. त्यांनी चष्मा काढला. जयवंतने मान फिरवली. पण चष्मा पुसून त्यांनी तो पुन्हा लावला आणि टाकीवर वाकले. "रेडियम गेला उन्हान. पण नाव रंगात उतरला! आणि तुम्ही त्याच्यावर कव्हर घातलात, धूळ बसू नये म्हणून. असो जावय मिळाक भाग्य लागता." त्यांनी चक्क पुन्हा चष्मा काढून पुसला.

जयवंतने प्रेमाकडे बघितलं. प्रेमा छताकडे बघत होती. तिने काही बघितलेलं नव्हतं.

"पण फोटोत इतक्या पुसट येवचा नाय," म्हणत सासऱ्यांनी पिशवीत हात घातला आणि स्टीलच्या ताटातून कापलेल्या दोन चकचकीत पट्ट्या काढल्या. मशीनने कोरलेलं: 'चि. जयवंत यांस दिवाळसणाची सप्रेम भेट.' खाली नेहमीची सही. त्यामागून निघाल्या गमाच्या दोन ट्यूबा. "दोन्ही समान घेऊन कालवायचा. दुकानवालो म्हणालो, एकदा लागला की पत्रो फाटता, पण पट्टी सुटत नाय. दहा मिनिटं दाबून धरूक व्हयी. धरा, जावयबापू."

जयवंतने धरली. दोन्ही बाजूंनी, दोन्ही तळव्यांनी, गाडीवर पालथा पडून. फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो नंतर दुकानात गल्ल्याच्या मागे लागला. गिऱ्हाइकं विचारत, "गाडीच्या पाया पडतायत ते कोण?" आणि राजारामपंत सांगत, "आमचे मोठे जावय. फार मायाळू."

सोमवारी डब्याच्या वेळेला सहदेवने सगळं ऐकून घेतलं, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वाचल्या, नखाने उचकटून बघितल्या, आणि मग आपला रिकामा डबा जयवंतच्या हातात ठेवला.

"कँटीनमध्ये दोनदा बदलून गेलाय. तुझ्या सासऱ्यांना सांग, नाव घालून द्या. सहदेव गायकवाड. एवढंच हं."

गुरुवारी डबा आला. सहदेवने झाकण उजेडात धरलं आणि शांतपणे वाचलं. अक्षर सुरेख होतं. 'चि. सहदेव यांस सप्रेम भेट. राजाराम पेडणेकर, घाटकोपर.'