डावीकडचं नाणं

रत्नपारखींच्या हातातून दिवसाला तीस-चाळीस वेळा नाणं पडायचं. कचेरीतल्या फरशीवरचा तो आवाज इतका अंगवळणी पडला होता, की शेख मॅडम मान वर न करताच विचारायच्या, "गिरा क्या, साब?"

"गिरा," टेबलाखालून उत्तर यायचं. "सफाई नाय आली अजून."

छप्पन्न वर्षांचा, आवक-जावक सांभाळणारा, जन्मात कधी पत्तेही न पिसलेला हा माणूस उन्हाळ्यापासून मोबाइलवर बघून नाण्याची जादू शिकत होता. नाणं दहाचंच लागायचं. पाचाचं घसरतं, रुपयाचं लहान पडतं, असं त्यांचं संशोधन. ते तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी चिमटून धरायचं आणि हात रिकामाच आहे अशा थाटात वावरायचं, हा पहिला धडा. त्यासाठी ते नाणं धरूनच सह्या करायचे, चहा प्यायचे, स्कूटर चालवायचे.

"हाताकडं नाय, माझ्या तोंडाकडं बघा," असं बजावून ते उजव्या हातातलं नाणं डाव्यात दिल्यासारखं करायचे. डावी मूठ वळायची, तिच्यावर फुंकर मारायची, उघडायची. रिकामी! नाणं उजव्यातच. आम्हाला ते स्वच्छ दिसायचं. आधी सगळे हसले, मग कंटाळले. जेवणाच्या सुट्टीत लोक डबे उचलून दुसऱ्या खोलीत जायला लागले. त्यांना ते कळलं नसेल असं नाही. ते हात धुवायच्या जागेवरच्या आरशापुढं उभे राहून एकटेच सराव करायचे.

एकदा साहेबांचे वडील वारले. आम्ही भेटायला गेलो. रत्नपारखींनी फोटोपुढं हात जोडले आणि नाणं फुलांच्या ताटलीत ठणकन पडलं. मागच्या दोघांना वाटलं, यांच्याकडं तशी रीत असेल. त्यांनीही मुकाट्यानं खिशात हात घातले.

परतताना मी चिडलो. "अहो, निदान मयताच्या घरी तरी!"

"सवय मोडली की पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले. "तेवढी फुरसत नाय मला."

कसली घाई, ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर ते चार दिवस आले नाहीत. एका कागदावर त्यांची सही हवी होती, म्हणून मी छावणीतल्या त्यांच्या घरी गेलो. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना पक्षाघात झाल्याचं आम्हाला माहीत होतं. 'बरी आहे' याच्यापुढं रत्नपारखी कधी काही बोलले नव्हते. मी वहिनींच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसलो, नमस्कार केला. त्यांनी बघितलंच नाही.

"राग मानू नका," रत्नपारखी हळूच म्हणाले. "डोळे चांगले आहेत तिचे. पण डावीकडचं काही उरलंच नाय तिला. ताटात डावीकडं वाढलेली भाजी तशीच राहते. त्या अंगाला कुणी बसलं, तर ते नसतंच. डॉक्टर म्हणतात, सारखं तिकडं बघायला लावा. हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, नाय बघत. गेलेली वस्तू शोधायला मात्र बघते. कधी कधी. आता चार दिवस ताप आहे, त्यात तेही विसरली."

ते वहिनींच्या समोर बसले. नाणं डाव्या मुठीत गेलं. या वेळी मलाही ते गेलेलंच दिसलं. मूठ उघडली, रिकामी. वहिनी त्या रिकाम्या हाताकडं बघत राहिल्या. त्यांच्या डाव्या अंगाला रत्नपारखींचा उजवा हात नाणं बोटांच्या टोकावर धरून थांबला होता. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा. एकदाही नाणं पडलं नाही. अकराव्या की बाराव्या वेळी वहिनींची मान अडखळत, जड दार ढकलावं तशी वळली. नजर नाण्यापाशी आली. नाण्याच्या मागं मी होतो.

"अगंबाई! हे कधी आले?" शब्द जिभेवर अडकत होते. "अहो, चहा दिला का यांना?"

"व्हय, व्हय, टाकतो," म्हणत रत्नपारखी आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. पाणी उकळल्याचा आवाज येत होता, कप मात्र वाजत नव्हते.

"वहिनी, मी त्यांच्या ऑफिसातला," मी सांगायला लागलो. पण त्यांची मान केव्हाच उजवीकडं फिरली होती. घरात कुणीच नसावं तशा त्या शांत बसल्या होत्या.